प्रकाशाचा पासंग

जुन्या भुसार दुकानात आढ्याला तराजू टांगलेला असे. त्याची दोन्ही पारडी एकाच कारागिराने एकाच पत्र्यातून घडवलेली असली, तरी ती वजनाला तंतोतंत सारखी क्वचितच भरत. साखळीची एखादी कडी जड पडे, वापराने एखादे पारडे झिजून हलके होई. मग हलक्या बाजूला शिशाचा, तारेचा किंवा खड्याचा लहानसा तुकडा बांधून काटा मध्यावर आणावा लागे. त्या तुकड्याला पासंग म्हणतात. हा शब्द आज ‘अमका तमक्याच्या पासंगालाही पुरत नाही’ एवढ्या बोलण्यापुरताच उरला आहे. पण ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या तराजू हाती धरला, त्या घरांत त्याचा मूळ अर्थ अजून ठाऊक असतो. पासंग न बांधता तोलणारा दुकानदार अडाणी ठरे आणि लपवून बांधणारा लबाड. जो जाणता आणि सचोटीचा, तो रिकामी पारडी आधी गिऱ्हाइकाला दाखवी आणि मगच माल घाली.

डिजिटल कॅमेऱ्यावर अधिक आणि उणे यांची जोडखूण असलेले एक बटण असते. काही कॅमेऱ्यांवर त्याच कामासाठी वरच्या बाजूला आकड्यांची चकती असते. मोबाइलवर पडद्याला बोट टेकवताच सूर्याचे लहान चिन्ह उमटते आणि ते वर-खाली सरकवता येते. या सोयीचे नाव एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन. मराठीत तिला प्रकाशाच्या मापाची भरपाई म्हणता येईल. कॅमेरा विकत घेणाऱ्यांपैकी पुष्कळ जण या बटणाला कधी हातही लावत नाहीत. वास्तविक ते कॅमेऱ्याचा पासंग आहे, आणि ज्यांचा माल आता दुकानाच्या फळीवरून नव्हे तर छायाचित्रावरून विकला जातो, त्यांनी तो बांधायला शिकणे अगत्याचे आहे.

यंत्रमागाच्या गावातील एका ठोक कापडपेढीवर हा पासंग कसा कळला, ती हकीकत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पेढीचे मालक अण्णा सत्तरी ओलांडलेले. त्यांच्या वडिलांचे भुसाराचे दुकान होते. अण्णांनी कापडाचा व्यापार धरला आणि वडिलांचा पितळी तराजू आठवण म्हणून गादीमागच्या भिंतीवर टांगून ठेवला. नात वाणिज्य शाखेची पदवी घेऊन पेढीवर बसू लागली. परगावच्या व्यापाऱ्यांना नमुन्याच्या चिंध्या टपालाने पाठवण्यात आठवडा जातो, म्हणून तिने मालाची छायाचित्रे पाठवण्याची पद्धत सुरू केली. त्यासाठी एक चांगला डिजिटल कॅमेरा आणला, तिपाई आणली, खिडकीशेजारी लाकडी फळी मांडून जागा केली.

पहिल्याच महिन्यात पांढऱ्या पॉपलिनचे ताके आले. नातीने ताका उलगडून फळीभर पसरला आणि छायाचित्र विदर्भातल्या एका जुन्या व्यापाऱ्याकडे धाडले. वीस वर्षांचा तो व्यवहार. आजवर शब्दावर माल जात आला होता. संध्याकाळी त्याचा फोन आला.

“अण्णा, या खेपेचं कापड मळकट दिसतंय. ब्लीचिंग नीट झालेलं नाही का? असा माल इकडे खपायचा नाही.”

अण्णांनी ताका अंगणात नेऊन उजेडात धरला. कापड बगळ्याच्या पंखासारखे शुभ्र होते. मग त्यांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिले. तिथे तेच कापड पावसाळ्यात चार दिवस न वाळलेल्या धोतरासारखे राखी दिसत होते.

“हे यंत्र खोटं बोलतं का ग?”

“नवं आहे, अण्णा. सगळं आपोआप होतं त्यात.”

“आपोआप होतं म्हणजे कुणीतरी आधीच काहीतरी ठरवून ठेवलेलं असतं, बाळ. काय ठरवलंय ते बघ.”

नातीने ते शोधून काढले, आणि अण्णांचा तर्क बरोबर निघाला.

कॅमेऱ्याच्या आतील प्रकाशमापक वस्तूवरून परावर्तित होऊन आलेला प्रकाश मोजतो. वस्तूवर मुळात किती प्रकाश पडला आणि त्यातील किती तिने परत पाठवला, हे दोन वेगळे आकडे त्याला कळत नाहीत. हाती येते ती केवळ गोळाबेरीज. मंद उजेडातले पांढरे कापड आणि लख्ख उन्हातले करडे कापड यांच्याकडून सारखाच प्रकाश येऊ शकतो. अशा वेळी निर्णय करण्यासाठी यंत्राला काहीतरी गृहीत धरावेच लागते. ते असे धरते की, समोरचे दृश्य सरासरीने मध्यम उजळ आहे. ना पांढरे, ना काळे, मधल्या राखी रंगाचे. छायाचित्रकार मापासाठी जे राखी कार्ड वापरतात, ते आपल्यावर पडलेल्या प्रकाशाच्या १८ टक्के प्रकाश परत पाठवते. शंभरातले अठरा म्हणजे मध्य कसा, असा प्रश्न हिशेबी माणसाला पडेल. पण डोळा रुपये-पैशांप्रमाणे सरळ बेरीज करीत नाही. पांढऱ्याच्या पाचव्या हिश्श्याइतका प्रकाश त्याला निम्मा वाटतो, म्हणून १८ टक्क्यांचे राखी रूप दृष्टीला काळ्या-पांढऱ्याच्या बरोबर मधोमध भासते.

बाग, रस्ता, बाजारपेठ, माणसांचा घोळका अशा मिश्र दृश्यात हे गृहीत बहुधा खरे ठरते. उजळ आणि गडद भाग एकमेकांना सावरून घेतात. परंतु चौकट केवळ पांढऱ्या कापडाने भरली, की हिशेब बिघडतो. पांढरे सुती कापड ८० ते ९० टक्के प्रकाश परत पाठवते. यंत्राला वाटते, एवढा प्रकाश येतो त्या अर्थी येथे कडक ऊन असावे; म्हणून ते प्रकाश आवरून घेते आणि पांढऱ्याला ओढून मध्यावर आणते. काळ्या मखमलीपुढे नेमके उलटे घडते. तिच्याकडून जेमतेम काही टक्के प्रकाश येतो. यंत्राला अंधार वाटतो, ते प्रकाश वाढवते आणि काळ्याला चढवून मध्यावर आणते. म्हणजे पांढरे मळते आणि काळे विटते. घरी पडताळून पाहायचे असल्यास एक पांढरा, एक काळा आणि एक राखी कापडाचा तुकडा घ्यावा, एकाच खिडकीच्या उजेडात प्रत्येकाने चौकट पूर्ण भरून तीन चित्रे काढावीत. तिन्ही चित्रे जवळजवळ सारखीच राखी निघतात. कॅमेऱ्यात बिघाड नाही, हे त्या तीन चित्रांवरून कळते. त्याला फक्त माल ओळखता येत नाही.

माल ओळखणाऱ्याने तो यंत्राला सांगायचा असतो, आणि सांगण्याचे साधन म्हणजे ते अधिक-उण्याचे बटण. त्याची पट्टी शून्याच्या दोन्ही बाजूंना आखलेली असते. अनेक कॅमेऱ्यांत ती उणे तीनपासून अधिक तीनपर्यंत, तर काहींत पाचपर्यंत जाते. त्यातील प्रत्येक पूर्ण अंकाला स्टॉप म्हणतात. एक स्टॉप अधिक म्हणजे प्रकाश दुप्पट, एक स्टॉप उणे म्हणजे निम्मा. दोन स्टॉप अधिक म्हणजे चौपट, तीन म्हणजे आठपट. दोन अंकांच्या मध्ये बहुधा एक-तृतीयांशाच्या पायऱ्या असतात. १८ टक्के आणि ९० टक्के यांत पाचपटीचे अंतर आहे; ते दोन स्टॉपहून थोडे अधिक भरते. यावरून शुभ्र कापडाला भरपाई जास्तीत जास्त किती लागेल, याचा अंदाज कागदावरच बांधता येतो.

नातीच्या कॅमेऱ्यात आयएसओ ४०० होता आणि ॲपर्चर एफ ५.६ वर ठेवलेले होते. यंत्राने शटरचा वेग १/१२५ सेकंद निवडला होता. तिने एक स्टॉप अधिक देताच शटर १/६० वर आले. उघडे राहण्याचा काळ दुप्पट झाला आणि चित्र उजळले. अधिक १ २/३ वर शटर १/४० झाले आणि कापड कापडासारखे पांढरे दिसू लागले. इतक्या सावकाश शटरला हात हलला तर चित्र पुसट होते, म्हणून तिपाई लागतेच. ॲपर्चर आपण ठरवतो त्या पद्धतीत भरपाईमुळे शटर बदलते. शटर आपण ठरवतो त्या पद्धतीत ॲपर्चर बदलते. सर्व काही हाताने ठरवण्याच्या मॅन्युअल पद्धतीत आयएसओही स्थिर ठेवला असेल, तर या बटणाने चित्रात फरक पडत नाही. तेथे यंत्र निर्णयच करीत नसल्याने त्याच्या निर्णयाला पासंगही लागत नाही. फ्लॅशच्या प्रकाशासाठी बहुतेक कॅमेऱ्यांत वेगळी भरपाई असते. दोहोंची गल्लत करू नये.

कॅमेऱ्याच्या मापाला माणसाच्या निर्णयाची जोड हवी, ही जाण जुनी आहे. १९३८ साली कोडॅक कंपनीने सुपर कोडॅक सिक्स-२० हा कॅमेरा काढला. त्यात सेलेनियमच्या घटावर पडलेल्या प्रकाशानुसार ॲपर्चर आपोआप ठरत असे. आपोआप मापाची वाट तिथून सुरू झाली. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १९४० च्या सुमारास, अमेरिकेत ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी झोन सिस्टिम बांधली. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांना क्रमाने अंक द्यावेत, मधल्या राखी छटेला पाचवा अंक द्यावा आणि समोरची वस्तू कोणत्या अंकावर बसवायची हे छायाचित्रकाराने आधी ठरवावे, असा तिचा आशय. मापक प्रत्येक वस्तूला पाचव्या घरात बसवतो. पांढऱ्या वस्तूला सातव्या घरात न्यायचे तर दोन स्टॉप वाढवावे लागतात. १९८३ मध्ये निकॉनच्या एफए या कॅमेऱ्याने दृश्याचे पाच भाग करून प्रत्येक भागाचे निराळे माप घेण्यास आरंभ केला. आजचे कॅमेरे त्याहून कितीतरी अधिक भाग पाहतात, चेहरे ओळखतात आणि काही दुरुस्ती स्वतःच करतात. तथापि फळीवर पसरलेले पॉपलिन हे पांढरे आहे की उन्हात ठेवलेले राखी, याची खात्री त्यांनाही नसते. ती खात्री हाताने ताका उलगडणाऱ्यालाच असते.

अशा स्थितीत किती भरपाई द्यावी, याचे काही आडाखे उपयोगी पडतात. चौकट पांढऱ्या कापडाने, साखरेने, तांदळाने किंवा पांढऱ्या पार्श्वभूमीवरील चांदीच्या भांड्यांनी भरलेली असेल, तर अधिक एकपासून सुरुवात करून अधिक १ २/३ पर्यंत जावे. फिकट पिवळा, मोतिया, आकाशी अशा उजळ रंगांना अधिक १/३ ते २/३ पुरते. पोपटी, विटकरी, मध्यम निळा या रंगांना बहुधा भरपाई लागत नाही. गडद मरून, जांभळा, बाटली हिरवा यांना उणे १/३ ते २/३ द्यावे. संक्रांतीसाठी भरलेल्या काळ्या साड्या शून्यावर विटलेल्या दिसतात. त्यांना उणे एक ते उणे १ १/३ लागते. सराफाने काळ्या मखमलीवर ठेवलेल्या सोन्याच्या दागिन्यालाही उणेच द्यावे. तिथे यंत्र मखमलीकडे पाहून प्रकाश वाढवते आणि सोन्यावरील बारीक कलाकुसर पिवळ्या चकाकीत बुडून जाते.

हे आडाखे म्हणजे शिक्क्याची वजने नव्हेत. चौकटीत पांढरा भाग किती आहे आणि कॅमेरा मापाची कोणती पद्धत वापरतो, यावर आकडा हलतो. म्हणून एकच चित्र न काढता १/३ च्या अंतराने तीन-चार काढावीत आणि मूळ वस्तू शेजारी ठेवून ताडून पाहावीत. अधिक नेमके हवे असल्यास राखी कार्ड मालाच्याच जागी, त्याच उजेडात धरावे, चौकट त्याने भरून माप घ्यावे आणि तेच माप मॅन्युअल पद्धतीत कायम ठेवून सगळा माल टिपावा. मग पांढरे, काळे, रंगीत सारे आपापल्या जागी बसते. कार्ड जवळ नसेल तर हाताचा तळवा कामी येतो. तळवा राखी कार्डापेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो. तळव्यावर माप घेऊन एक स्टॉप अधिक द्यावा.

आणखी एक भेद लक्षात ठेवावा. पांढरे कापड राखी दिसले तर दोष प्रकाशाच्या मात्रेचा. ते पिवळट किंवा निळसर दिसले तर दोष व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे उजेडाच्या रंगाचा. खिडकीचा उजेड आणि आतला पिवळा दिवा एकत्र आले की असे होते. पिवळेपणा भरपाईने जात नाही. त्यासाठी दिवा बंद करावा आणि व्हाइट बॅलन्स खिडकीच्या उजेडाला जुळवावा.

पेढीवर दुसऱ्या दिवशी नवी छायाचित्रे गेली. व्यापाऱ्याचे समाधान झाले आणि माल रवाना झाला. यानंतर नातीचा उत्साह वाढला. पांढरे जितके लख्ख तितके गिऱ्हाईक खूष, असे तिच्या अनुभवाला आले होते. पुढच्या खेपेच्या ताक्यांना तिने अधिक २ २/३ दिले. पडद्यावर कापड इतके झळाळले की विणीचा मागमूस उरला नाही. त्या खेपेत चार ताके असे होते की ज्यांवर यंत्रमागाच्या तेलाचे फिके डाग राहिले होते. शून्यावर ते स्पष्ट दिसत होते, अधिक १ २/३ वरही नीट पाहणाऱ्याला दिसत होते. या चित्रात ते नाहीसे झाले होते. तिने ते हेतुपूर्वक केले नव्हते. पण दिसल्यावर ती क्षणभर थांबली, आणि अण्णांना दाखवल्याशिवाय तिला चित्र पाठवता येईना.

अण्णांनी ताका पाहिला, चित्र पाहिले. भिंतीवरचा तराजू काढून त्यांनी गादीवर ठेवला. एका पारड्याच्या साखळीला काळपट शिशाचा तुकडा अजून बांधलेला होता.

“हा तुकडा काढला तर काटा कुणाच्या बाजूला झुकेल?”

“गिऱ्हाइकाच्या तोट्यात जाईल, अण्णा.”

“आणि याच्याजागी दुप्पट मोठा बांधला तर?”

“तरी खोटंच होईल.”

“मग एवढाच का बांधला, हे ध्यानात ठेव. काटा मध्यावर येईपर्यंतच पासंग. त्यापुढं गेला की ते मापात पाप.”

अचौर्याच्या अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत वजनमापात कमी-अधिक करणे आणि अस्सल म्हणून दुसरेच पुढे करणे ही दोन्ही येतात. ज्या काळी ते सांगितले गेले त्या काळी कॅमेरा नव्हता. पण गिऱ्हाईक आता कापडाऐवजी त्याच्या प्रतिमेला हात लावते, आणि म्हणून प्रतिमा हेच माप झाले आहे. भरपाईचे बटण चित्राला मालाच्या बरोबरीला आणण्यासाठी आहे, मालापुढे नेण्यासाठी नाही. ही मर्यादा धर्माची आहे तशीच यंत्राचीही आहे. डिजिटल चित्रात एखादा भाग पूर्ण पांढरा होऊन गेला, की तेथील वीण, सुरकुती, डाग यांची नोंदच उरत नाही. संगणकावर पुढे कितीही खटपट केली तरी नसलेली नोंद परत आणता येत नाही. रॉ प्रकारच्या फाइलीत थोडी सवड मिळते, पण तीही मर्यादित. काळोखात गेलेला भाग काही प्रमाणात वर काढता येतो, मात्र त्यावर रवाळ ठिपके उमटतात.

ही मर्यादा ओलांडली की नाही, हे पडद्याकडे पाहून ठरवू नये. उन्हात पडदा अंधुक दिसतो, अंधाऱ्या खोलीत तोच लख्ख दिसतो. त्यासाठी हिस्टोग्राम उघडावा. तो चित्रातील छटांचा आलेख असतो. डावीकडे काळे, उजवीकडे पांढरे, मध्ये राखी. शुभ्र कापडाचा उंचवटा उजवीकडे सरकलेला असावा, पण उजव्या भिंतीला आपटून चिरडलेला नसावा. काळ्या साडीचा उंचवटा डावीकडे असावा, तोही भिंतीला न चिकटता. पुष्कळ कॅमेऱ्यांत पूर्ण पांढरा झालेला भाग लुकलुकून दाखवण्याची सोय असते. तो लुकलुकू लागला की एक-दोन पायऱ्या मागे यावे. रोकडवही आणि गल्ला संध्याकाळी जुळवून पाहण्यासारखाच हा ताळा आहे.

डाग पडलेले चार ताके वेगळे काढले गेले. नातीने त्यांची छायाचित्रे अधिक १ १/३ वर घेतली, डागांची जागा स्वतंत्रपणे जवळून टिपली आणि दर कमी करून दुय्यम माल म्हणून पाठवली. विदर्भातल्या व्यापाऱ्याने त्यातील दोन घेतले; अस्तरासाठी चालतील, असे कळवले. उरलेले दोन ताके पेढीवरच पडून राहिले आणि तेवढा तोटा पेढीने सोसला.

याच दिवसांत आणखी एक चूक घडली, आणि ती बहुतेकांकडून घडते. माल टिपून झाल्यावर नातीने कॅमेरा बंद केला, पण भरपाई अधिक १ १/३ वरच राहिली. बहुतेक कॅमेरे बंद करून पुन्हा सुरू केले तरी हा आकडा जसाच्या तसा धरून ठेवतात. दुसऱ्या दिवशी आत्याबाई सासरी परत निघाल्या. अंगणात सगळे त्यांच्याभोवती उभे राहिले, नातीने घाईघाईने चार चित्रे काढली आणि गाडी सुटली. रात्री पाहते तो सकाळच्या उन्हात सगळ्यांचे चेहरे विरघळल्यासारखे पांढरे पडलेले. माल पुन्हा फळीवर पसरता येतो. निघून गेलेले माणूस पुन्हा अंगणात उभे करता येत नाही. तेव्हापासून कॅमेरा खोक्यात ठेवण्यापूर्वी आकडा शून्यावर आणायचा, असा तिने नेम केला. एका तराजूचा पासंग दुसऱ्या तराजूला चालत नाही.

घरगुती छायाचित्रांतही या बटणाचा उपयोग दुकानाइतकाच आहे. खिडकीकडे पाठ करून बसलेल्या आजोबांचा चेहरा काळा पडतो, कारण यंत्र खिडकीतील उजेड पाहून प्रकाश आवरते. तेथे अधिक एक ते दीड द्यावे. खिडकी पांढरी पडली तरी चालेल, चेहरा हवा असतो. दिवाळीच्या रात्री पणत्यांच्या रांगेचे चित्र शून्यावर काढले की काळोख भुरकट होतो आणि ज्योतींचे नुसते पांढरे गोळे उरतात. उणे एक दिले की रात्र रात्रीसारखी राहते आणि ज्योतीचा पिवळा रंग टिकतो. लग्नात पांढरी शेरवानी घातलेला नवरदेव चौकटभर असेल तर अधिक, काळ्या पडद्यापुढे उभी असलेली वधू असेल तर उणे.

यात्रेतही हाच न्याय लागतो. कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज-बाहुबली येथील २८ फुटी संगमरवरी बाहुबलीमूर्ती उजळ आकाशापुढे उभी आहे. पांढरा दगड आणि उजळ आकाश दोन्ही मिळून यंत्राला चकवतात आणि मूर्ती राखी येते. अधिक २/३ ते एक दिल्यास संगमरवराला त्याचा वर्ण मिळतो. मात्र भर दुपारच्या उन्हात मूर्तीवरील उजळ भाग जळत नाही ना, हे हिस्टोग्राममध्ये पाहावे. याउलट वेरूळच्या ३२ व्या, इंद्रसभा नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेण्यात दगड काळसर आहे. आतील गडद स्तंभांनी चौकट भरली, तर उणे २/३ दिल्याने त्यांचा काळपणा राहतो. पण त्याच स्तंभांमागून अंगणाचा लख्ख उजेड येत असेल, तर कोरीव काम दिसण्यासाठी अधिक द्यावे लागते. जागा एकच, दगड एकच, आणि दोन पावले सरकताच पासंगाची बाजू बदलते. अबूच्या देलवाडा मंदिरांत आत छायाचित्रणास मनाई आहे. तेथे कॅमेरा बाहेर ठेवावा आणि डोळ्यांनीच पाहावे.

पेढीवर आता खिडकीजवळच्या फळीच्या कडेला राखी कार्ड चिकटवलेले असते. माल टिपण्यापूर्वी नात आधी त्या कार्डाचे एक चित्र काढते आणि मालाच्या चित्रांसोबत तेही पाठवते. पलीकडच्या व्यापाऱ्याने एकदा विचारले, “हा राखी तुकडा कशासाठी?”

उत्तर अण्णांनी दिले. “रिकामी पारडी आधी दाखवायची पद्धत आहे आमच्याकडे.”